दादाभाई नौरोजी

दादाभाई नौरोजी (४ सप्टेंबर, १८२५ – ३० जून, १९१७) हे भारतीय राजकीय नेते, अर्थचिंतक, गणिताचे प्राध्यापक आणि व्यापारी होते. भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांनी तीन वेळा भूषविले. ब्रिटिश संसदेच्या हाऊस ऑफ कॉमन्समध्ये निवडून गेलेले ते पहिले भारतीय होत. भारताचे पितामह या बिरुदाने ते ओळखले जातात.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकांच्या दृष्टीने दादाभाईंचे महत्त्व वेगळ्या कारणासाठी आहे. ब्रिटिश राजवटीत भारत संपन्न होत आहे की दरिद्री होत आहे, हा प्रश्न त्यांच्या काळात मतांचा आणि भावनांचा मानला जात असे. दादाभाईंनी तो गणिताचा केला. देशाचे एकूण उत्पन्न किती, ते माणशी किती पडते, जगण्यास किमान किती लागते आणि उत्पन्नाचा किती भाग देशाबाहेर जातो, हे चार प्रश्न त्यांनी सरकारी आकडेवारीच्याच आधारे सोडविण्याचा प्रयत्न केला. राष्ट्रीय उत्पन्न, दरडोई उत्पन्न, दारिद्र्यरेषा आणि व्यापारशेष या आज पाठ्यपुस्तकांत शिकविल्या जाणाऱ्या संकल्पनांचा भारतापुरता आरंभ त्यांच्या या लेखनात सापडतो.

बालपण आणि शिक्षण

दादाभाईंचा जन्म नवसारीशी नाते असलेल्या एका गरीब पारशी पुरोहित कुटुंबात झाला. त्यांचे वडील नौरोजी पालनजी दोर्दी हे दादाभाई चार वर्षांचे असतानाच वारले. आई माणेकबाई यांनी त्यांना वाढविले. त्या काळच्या रीतीप्रमाणे दादाभाईंचा विवाह वयाच्या अकराव्या वर्षी गुलबाई यांच्याशी झाला.

मुंबईतील नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत त्या वेळी शिक्षण मोफत होते, म्हणूनच या निर्धन घरातील मुलाला इंग्रजी शिक्षण घेता आले. पुढे ते एल्फिन्स्टन संस्थेत शिकले. आपले शिक्षण लोकांच्या पैशातून झाले आहे, तेव्हा त्याचा लाभ लोकांना परत दिला पाहिजे, अशी त्यांची धारणा होती आणि सार्वजनिक कार्याकडे वळण्याचे हे एक कारण असल्याचे त्यांनी पुढे नमूद केले आहे. सर अर्स्किन पेरी यांनी त्यांना कायद्याच्या अभ्यासासाठी इंग्लंडला पाठविण्याची योजना मांडून निम्मा खर्च उचलण्याची तयारी दाखविली होती. परंतु मुलगा परदेशी जाऊन धर्मांतर करील, या समाजातील धास्तीमुळे ती योजना बारगळली.

अध्यापन आणि मुंबईतील सार्वजनिक कार्य

शिक्षण पूर्ण झाल्यावर दादाभाई एल्फिन्स्टनमध्येच अध्यापक झाले. १८५४ मध्ये त्यांची गणित आणि पदार्थविज्ञान या विषयांचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. या संस्थेत असे पद मिळालेले ते पहिले भारतीय होते.

याच काळात मुंबईत स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी ही तरुणांची संस्था स्थापन झाली. दादाभाई, भाऊ दाजी लाड आदी तरुण तिच्या कार्यात पुढे होते. या संस्थेने १८४९ मध्ये मुलींसाठी मराठी आणि गुजराती शाळा सुरू केल्या. प्रारंभी शिकविण्याचे काम तरुण मंडळी आपले काम सांभाळून विनामूल्य करीत. पारशी समाजातील धार्मिक व सामाजिक सुधारणेसाठी १८५१ मध्ये रहनुमाई माझदयस्नान सभा स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत दादाभाई होते. त्याच वर्षी त्यांनी 'रास्त गोफ्तार' हे गुजराती नियतकालिक सुरू केले. १८५२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशन या राजकीय संस्थेच्या उभारणीत जगन्नाथ शंकरशेट यांच्याबरोबर दादाभाईंचाही सहभाग होता.

व्यापारानिमित्त इंग्लंडमध्ये

१८५५ मध्ये दादाभाईंनी प्राध्यापकपद सोडले आणि कामा आणि कंपनी या पारशी पेढीचे भागीदार म्हणून ते इंग्लंडला गेले. लंडन व लिव्हरपूल येथे काम करणारी ही पेढी ब्रिटनमधील पहिली भारतीय व्यापारी पेढी समजली जाते. अफू व मद्य यांच्या व्यापारातील नफा घेणे दादाभाईंना मान्य नव्हते. त्यामुळे तीन वर्षांत ते या पेढीतून बाहेर पडले. १८५९ मध्ये त्यांनी स्वतःची पेढी काढून कापसाचा व्यापार सुरू केला. याच सुमारास, १८५६ पासून सुमारे दहा वर्षे, ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये गुजराती भाषेचे प्राध्यापकही होते.

व्यापाराचा हा अनुभव त्यांच्या अर्थविचाराला उपयोगी पडला. माल जहाजावर चढल्यापासून त्याची रक्कम हाती येईपर्यंत भाडे, विमा, दलाली आणि नफा यांची भर कशी पडत जाते, हुंडी कशी वटते आणि हिशेबाच्या दोन बाजू कशा जुळाव्या लागतात, हे त्यांनी स्वतः केलेल्या व्यवहारांतून जाणले होते. पुढे भारत आणि इंग्लंड यांच्यातील व्यापाराची सरकारी पत्रके त्यांनी तपासली, ती याच व्यापाऱ्याच्या नजरेने.

भारताचे प्रश्न ब्रिटिश जनतेपुढे आणि संसदेपुढे मांडण्यासाठी १८६६ मध्ये त्यांनी लंडनमध्ये ईस्ट इंडिया असोसिएशनची स्थापना केली. या संस्थेपुढे २ मे, १८६७ रोजी वाचलेल्या निबंधात त्यांनी भारतातून इंग्लंडकडे जाणाऱ्या संपत्तीचा प्रश्न प्रथम जाहीरपणे मांडला.

पूर्वीची मराठी चर्चा

भारताची संपत्ती परदेशी जात असल्याची तक्रार दादाभाईंच्या आधीही केली गेली होती, आणि ती करणाऱ्यांत मुंबई इलाख्यातील मराठी लेखक अग्रभागी होते. १८४१ मध्ये भास्कर पांडुरंग तर्खडकर यांनी 'बॉम्बे गॅझेट'मध्ये टोपणनावाने लिहिलेल्या इंग्रजी पत्रांत ब्रिटिश राज्याच्या आर्थिक परिणामांवर कठोर टीका केली. १८४३ मध्ये रामकृष्ण विश्वनाथ यांनी हिंदुस्थानच्या प्राचीन व तत्कालीन स्थितीवर मराठीत पुस्तक लिहून हाच विषय हाताळला. लोकहितवादींच्या 'शतपत्रां'मध्येही देशी धंदे बुडाल्याचे आणि विलायती मालामुळे पैसा बाहेर जात असल्याचे विवेचन आहे.

या लेखकांनी रोग ओळखला होता. मात्र त्याचे मोजमाप करण्यासाठी लागणारी पिकांची, व्यापाराची आणि लोकसंख्येची आकडेवारी त्या वेळी फारशी उपलब्ध नव्हती. दादाभाईंच्या काळापर्यंत प्रांतिक सरकारांचे वार्षिक अहवाल नियमितपणे निघू लागले होते. त्यांनी ते बारकाईने वाचले आणि त्यांतील उणिवांसह वापरले.

दरडोई उत्पन्नाचा अंदाज

'पॉव्हर्टी ऑफ इंडिया' हा दादाभाईंचा निबंध १८७६ मध्ये ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे वाचला गेला. ब्रिटिश भारताचे राष्ट्रीय उत्पन्न काढण्याचा हा पहिला पद्धतशीर प्रयत्न मानला जातो. हिशेबासाठी त्यांनी १८६७ ते १८७० या काळातील आकडे घेतले होते.

त्यांची पद्धत पुढीलप्रमाणे होती. प्रत्येक प्रांतातील मुख्य पिकांखालील क्षेत्र घ्यावयाचे, त्यास दर एकरी उत्पादनाने गुणावयाचे आणि येणाऱ्या उत्पादनास बाजारभावाने गुणून त्याची किंमत काढावयाची. या बेरजेतून पुढील हंगामाच्या बियाण्यासाठी काही भाग वजा करावयाचा. नंतर मीठ, अफू, कोळसा, कारागिरी व उद्योग, दूधदुभते व मांस यांची किंमत तीत मिळवावयाची. नजरचुकीने काही राहून गेले असल्यास तेही धरले जावे, म्हणून शेवटी त्यांनी एक ठोक रक्कमही वाढविली. म्हणजे हिशेब कमी भरल्याचा दोष आपल्यावर येऊ नये, याची त्यांनी काळजी घेतली होती.

अशा रीतीने एकूण वार्षिक उत्पन्न सुमारे ३४ कोटी पौंड आणि लोकसंख्या सुमारे १७ कोटी असा हिशेब आला. भागाकार केल्यावर माणशी २ पौंड, म्हणजे ४० शिलिंग उत्पन्न पडते. त्या वेळच्या दराने ही रक्कम वर्षाला २० रुपये होते. २० रुपयांचा हा आकडा पुढील अर्धशतकातील आर्थिक चर्चेत वारंवार येत राहिला.

सरकारी अहवालांतील सरासरीची एक चूक दादाभाईंनी या निबंधात दाखवून दिली. प्रांताचे दर एकरी उत्पादन काढताना अधिकारी जिल्हावार आकड्यांची बेरीज करून तिला जिल्ह्यांच्या संख्येने भागत. कोणत्या जिल्ह्यात त्या पिकाखाली किती जमीन आहे, याचा विचार होत नसे. समजा, एका जिल्ह्यात १,००,००० एकरांवर दर एकरी ५ मण पीक येते आणि दुसऱ्यात केवळ १,००० एकरांवर १५ मण येते. अधिकाऱ्यांच्या रीतीने सरासरी १० मण निघेल. वास्तविक एकूण उत्पादन ५,१५,००० मण आणि एकूण क्षेत्र १,०१,००० एकर असल्याने खरी सरासरी ५.१ मणच आहे. क्षेत्राला त्याच्या प्रमाणात वजन देऊन काढलेल्या या सरासरीस भारित सरासरी म्हणतात. साध्या सरासरीमुळे कागदावरील पीक शेतातील पिकाच्या जवळजवळ दुप्पट होऊ शकते आणि अशा पिकावर आधारलेला साऱ्याचा अंदाजही फसवा ठरतो, हा या गणिताचा व्यावहारिक अर्थ होता.

जगण्याचा किमान खर्च

माणशी २० रुपये हे उत्पन्न पुरेसे आहे की अपुरे, हे ठरविण्यासाठी तुलनेचे माप हवे होते. दादाभाईंनी ते सरकारच्याच दप्तरातून घेतले. परदेशी मजुरीसाठी जाणाऱ्या मजुरांना जहाजावर किती अन्न द्यावे, याचे प्रमाण सरकारने ठरवून दिले होते. तुरुंगातील कैद्यांच्या अन्नवस्त्राच्या खर्चाची नोंदही प्रत्येक प्रांताच्या अहवालात असे. तांदूळ किंवा पीठ, डाळ, भाजी, तेल, तूप, मीठ अशा वस्तूंच्या चालू भावांवरून दादाभाईंनी किमान निर्वाहाचा खर्च काढला. १८६७-६८ च्या भावांनुसार तो प्रांतपरत्वे माणशी वर्षाला सुमारे १६ ते ३५ रुपये येत होता.

तुरुंगात मुले नसतात, समाजात मात्र असतात. म्हणून कैद्याचा खर्च जसाच्या तसा सर्व लोकसंख्येला लावता येत नाही. या अडचणीचे निराकरण पाठ्यपुस्तकांत पुढीलप्रमाणे दिलेले आढळते. लोकसंख्येचा एक तृतीयांश भाग मुलांचा धरला. त्यांपैकी निम्म्या मुलांचा आहार नगण्य आणि उरलेल्या निम्म्यांचा प्रौढांच्या निम्मा मानला. तेव्हा एक षष्ठांश लोकसंख्येसाठी शून्य, एक षष्ठांशासाठी अर्धा आणि दोन तृतीयांशांसाठी पूर्ण आहार धरल्यास सरासरी तीन चतुर्थांश येते. प्रौढ कैद्यावरील खर्चाचा तीन चतुर्थांश भाग हा समाजातील सरासरी माणसाचा किमान खर्च ठरतो.

या तुलनेतून निघालेला निष्कर्ष अस्वस्थ करणारा होता. अनेक प्रांतांत सामान्य रयतेला कैद्याच्या तोडीचेही अन्नवस्त्र मिळत नव्हते. शिवाय २० रुपये ही सरासरी होती. तिच्यात संस्थानिक, जमीनदार, सावकार आणि बडे पगारदार यांचेही उत्पन्न मिसळलेले होते. त्यांचा वाटा बाजूला काढल्यास शेतकरी आणि मजूर यांच्या हाती याहूनही कमी उरत असे. लग्नकार्य, आजारपण आणि अवर्षण यांसाठी काही शिल्लक पडण्याचा प्रश्नच नव्हता. १८७६ मध्येच दख्खन आणि मद्रास इलाख्यात भीषण दुष्काळाला प्रारंभ झाला आणि तो १८७८ पर्यंत टिकला. त्यामुळे दादाभाईंनी मांडलेल्या आकड्यांमागे माणसांच्या जगण्यामरण्याचा प्रश्न उभा होता.

आर्थिक निःसारणाचा सिद्धान्त

भारत दरिद्री आहे हे दाखविल्यानंतर त्याचे कारण सांगणे क्रमप्राप्त होते. दादाभाईंच्या मते मुख्य कारण म्हणजे देशाच्या उत्पन्नाचा एक भाग दरवर्षी मोबदल्याशिवाय इंग्लंडला जात होता. या मांडणीस आर्थिक निःसारणाचा सिद्धान्त किंवा 'ड्रेन थिअरी' म्हणतात.

त्यांनी आरंभ व्यापाराच्या आकड्यांपासून केला. एखाद्या देशाने १०० रुपयांचा माल निर्यात केला, तर सर्वसाधारणपणे त्याला मूळ १०० रुपये आणि त्यावर व्यापाराचा नफा एवढ्या किमतीचा माल अथवा सोनेचांदी परत मिळावयास हवी. उदाहरणादाखल नफा १५ रुपये धरल्यास परतावा ११५ रुपयांचा होईल. त्याऐवजी ८० रुपयांचाच माल परत आला, तर ३५ रुपयांचा हिशेब लागत नाही. भारताची निर्यात वर्षानुवर्षे आयातीपेक्षा अधिक होती. वरकरणी हे संपन्नतेचे लक्षण वाटते. दादाभाईंनी मात्र असे दाखविले, की या वाढाव्याची किंमत भारतात परतच येत नव्हती.

ती कोठे जात होती, याचे उत्तर सरकारी खर्चात होते. भारत सरकारला इंग्लंडमध्ये दरवर्षी मोठी रक्कम भरावी लागे. तीत सार्वजनिक कर्जावरील व्याज, रेल्वे कंपन्यांना हमी दिलेला परतावा, लंडनच्या इंडिया ऑफिसचा खर्च, निवृत्त अधिकाऱ्यांची पेन्शने, लष्करी खर्च आणि सरकारी सामानाची खरेदी यांचा समावेश होता. या देण्यांना 'होम चार्जेस' म्हणत. याखेरीज येथील युरोपीय अधिकारी, व्यापारी आणि मळेवाले आपली बचत व नफा मायदेशी पाठवीत.

रक्कम पाठविण्याची रीत अशी होती. भारताची निर्यात विकत घेणाऱ्या व्यापाऱ्यांना रुपये हवे असत. ते लंडनमध्ये भारतमंत्र्यांकडे पौंड भरून 'कौन्सिल बिले' घेत. त्या बिलांचे रुपये भारतातील सरकारी तिजोरीतून मिळत आणि त्यांतून येथील शेतकऱ्याचा कापूस, गहू किंवा ताग विकत घेतला जाई. तिजोरीतील रुपये मुळात येथील करांचे होते. म्हणजे भारतीयांनी भरलेल्या करातूनच भारतीय मालाची किंमत चुकती होई आणि परदेशी विकल्या गेलेल्या मालाचे पौंड लंडनमध्येच राहत. प्रत्यक्ष सोन्याचांदीने भरलेली जहाजे रवाना न होताही संपत्ती देशाबाहेर कशी जाते, याचा उलगडा या व्यवहारात आहे.

दादाभाईंनी कर आणि निःसारण यांतील भेद स्पष्ट केला. इंग्लंडमधील जनताही भरपूर कर देत असे. परंतु तो पैसा पगार, खरेदी आणि बांधकामे यांच्या रूपाने त्याच देशात फिरत राही. भारतात गोळा झालेल्या कराचा काही भाग देशाबाहेर खर्च होत असल्याने त्यातून येथे ना मागणी निर्माण होई, ना रोजगार. पूर्वीच्या राज्यकर्त्यांनीही जुलमाने वसुली केली असेल, तथापि तो पैसा येथेच खर्च होत असे, असे त्यांचे म्हणणे होते.

याचा सर्वांत दूरगामी परिणाम भांडवलनिर्मितीवर होत होता. उत्पन्नातून उपभोग वजा जाता जी बचत राहते, तिच्यातून विहिरी, यंत्रे, कारखाने आणि शाळा उभ्या राहतात. ही बचतच बाहेर गेली तर पुढील वर्षीचे उत्पन्न वाढत नाही. इकडून गेलेला पैसा पुढे ब्रिटिश भांडवल म्हणून परत येई, मळे आणि रेल्वे यांत गुंतविला जाई आणि त्यावरील नफा पुन्हा बाहेर जाई. उच्च पदांवर परकीय अधिकारीच असल्याने अनुभव आणि प्रशासनकौशल्य हेही त्यांच्याबरोबर देशाबाहेर जाते, ही बाब दादाभाईंनी नैतिक निःसारण म्हणून वेगळी नोंदविली. सनदी सेवेत भारतीयांना प्रवेश मिळावा, ही त्यांची मागणी यामुळे आर्थिक उपायही ठरत होती.

बडोदा आणि मुंबई

१८७४ मध्ये बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांनी दादाभाईंना दिवाण नेमले. राज्यकारभारातील गैरव्यवहार दूर करण्याचा त्यांनी प्रयत्न केला. परंतु दरबारातील विरोध आणि ब्रिटिश रेसिडेंट रॉबर्ट फेअर यांच्याशी झालेला संघर्ष यांमुळे त्यांनी थोड्याच काळात राजीनामा दिला. नंतर ते मुंबई महापालिकेचे सदस्य झाले आणि १८८५ मध्ये मुंबई विधिमंडळावर त्यांची नियुक्ती झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनात त्यांनी भाग घेतला. १८८६ च्या कलकत्ता अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते.

ब्रिटिश संसदेत

भारताच्या खर्चाविषयीचे अंतिम निर्णय लंडनमध्ये होतात, तेव्हा तेथील संसदेत भारतीयांचा आवाज असला पाहिजे, असे दादाभाईंचे मत होते. १८८६ मध्ये लिबरल पक्षातर्फे होबर्न मतदारसंघातून लढविलेल्या निवडणुकीत ते पराभूत झाले. त्या पराभवाचा संदर्भ घेऊन पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी यांनी १८८८ मध्ये त्यांच्या वर्णाचा अवमानकारक उल्लेख केला. त्यावर ब्रिटनमध्येच टीका झाली आणि दादाभाईंचे नाव सर्वतोमुखी झाले.

१८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून ते विजयी झाले. निकाल जाहीर झाला तेव्हा त्यांचे मताधिक्य अवघे पाच होते. सदस्यत्वाची शपथ त्यांनी खोर्देह अवेस्ता या झरथुष्ट्री धर्मग्रंथावर घेतली. सनदी सेवेची परीक्षा इंग्लंड आणि भारत येथे एकाच वेळी घेण्यात यावी, असा ठराव १८९३ मध्ये कॉमन्स सभागृहाने संमत केला. त्यामागे दादाभाईंचे प्रयत्न होते. सरकारने मात्र तो अमलात आणला नाही. १८९५ च्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला.

१८९५ मध्येच भारताच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमला गेला. दादाभाई त्याचे सदस्य होते आणि त्यांनी आयोगापुढे साक्षही दिली. १८९७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले, दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि जी. सुब्रमण्य अय्यर यांच्या साक्षी झाल्या. पुण्याच्या डेक्कन सभेतर्फे गेलेल्या गोखल्यांचे आर्थिक प्रश्नांवरील प्रभुत्व या साक्षीतून प्रथमच इंग्लंडमध्ये दिसून आले. आयोगाच्या बहुमताच्या अहवालाशी असहमत होऊन दादाभाई, विल्यम वेडरबर्न आणि डब्ल्यू. एस. केन यांनी वेगळा अहवाल दिला.

आपले निबंध, पत्रव्यवहार आणि भाषणे एकत्र करून दादाभाईंनी १९०१ मध्ये लंडन येथे 'पॉव्हर्टी अँड अनब्रिटिश रूल इन इंडिया' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. ब्रिटिश न्यायबुद्धीला धरून नसलेला कारभार, असा त्याच्या शीर्षकाचा रोख आहे.

आक्षेप आणि मर्यादा

दादाभाईंच्या आकड्यांना सरकारी बाजूने आव्हान दिले गेले. १८८२ मध्ये एव्हलिन बेअरिंग आणि डेव्हिड बार्बर यांनी दरडोई उत्पन्न २७ रुपये असल्याचा अंदाज केला. १९०१ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांनी ३० रुपये हा आकडा सांगितला. दुसरीकडे विल्यम डिग्बी यांनी त्याच सुमारास दादाभाईंपेक्षाही कमी अंदाज मांडला. आकड्यांविषयी मतभेद असले तरी सरकारलाही उत्तर आकड्यांनीच द्यावे लागले, ही या वादातील लक्षणीय गोष्ट होय.

दादाभाईंच्या पद्धतीतील मोठी उणीव सेवांविषयीची आहे. व्यापार आणि वाहतूक यांमुळे मालाची जी किंमत वाढते, ती उत्पन्नात धरावी, असा आक्षेप इंडिया ऑफिसमधील अधिकारी डॅन्व्हर्स यांनी घेतला होता. त्याला दादाभाईंचे उत्तर असे, की धान्य रेल्वेने दुसरीकडे नेल्याने त्याचा एक दाणाही वाढत नाही. केवळ भौतिक वस्तूंचे उत्पादन हीच संपत्ती, अशी यामागची भूमिका होती. आजच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणनेत वाहतूक, व्यापार, शिक्षण, वैद्यक अशा सेवांचे मूल्य धरले जाते. त्या कसोटीवर दादाभाईंचा आकडा वास्तवापेक्षा कमी ठरतो. तरीही त्यांच्या उत्तरात एक मर्म होते. रेल्वेने धान्य दुष्काळी भागात पोहोचले, तरी ते विकत घेण्यास रयतेच्या हाती पैसा नसेल तर उपासमार टळत नाही.

निःसारणाच्या मोजमापाविषयीही मतभेद राहिले. रेल्वेसाठी घेतलेल्या कर्जावरील व्याज हा प्रत्यक्ष आलेल्या भांडवलाचा मोबदला असल्याने तो निःसारणात धरू नये, असा युक्तिवाद केला गेला. दादाभाईंनी स्वतःही वेगवेगळ्या वेळी रेल्वेची रक्कम वेगळी काढून हिशेब केलेले आढळतात, त्यामुळे त्यांचे वेगवेगळ्या वर्षांचे आकडे एकमेकांशी थेट ताडून पाहता येत नाहीत. राष्ट्रवादी अर्थचिंतकांतही सर्वांचा भर सारखा नव्हता. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९० मध्ये पुण्याच्या औद्योगिक परिषदेत निःसारणाच्या वादातच गुंतून न पडता भांडवल, तंत्र आणि उद्योग यांची उभारणी करण्यावर भर दिला. दारिद्र्याचे मूळ दादाभाईंनी प्रामुख्याने राजकीय संबंधांत शोधले, तर रानड्यांनी अर्थव्यवस्थेच्या घडणीतही शोधले.

उत्तरायुष्य

दादाभाई १८९३ मध्ये लाहोर येथे आणि १९०६ मध्ये कलकत्ता येथे काँग्रेसचे पुन्हा अध्यक्ष झाले. १९०४ मध्ये ॲम्स्टरडॅम येथील आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत त्यांनी भारताची बाजू मांडली. १९०६ मध्ये मवाळ आणि जहाल या गटांतील मतभेद तीव्र झाले असताना दोघांनाही मान्य होईल असे अध्यक्ष म्हणून एक्याऐंशी वर्षांच्या दादाभाईंना बोलाविण्यात आले. या अधिवेशनात त्यांनी स्वराज्य हे काँग्रेसचे ध्येय असल्याचे घोषित केले. ब्रिटिश न्यायबुद्धीवर विसंबून अर्जविनंत्या करणाऱ्या त्यांच्या प्रदीर्घ वाटचालीचा हा स्वाभाविक शेवट होता: खर्चावर ज्याचा ताबा, त्याच्याच हाती निःसारण थांबविणे असते, या निष्कर्षापर्यंत त्यांचे गणित त्यांना घेऊन आले होते.

१९०७ मध्ये ते भारतात परतले आणि मुंबईजवळ वर्सोवा येथे राहू लागले. १९१६ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. ३० जून, १९१७ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षात, त्यांचे निधन झाले.

वारसा

लोकमान्य टिळक, गोखले आणि महात्मा गांधी या तिघांनीही दादाभाईंचे ऋण मानले. निःसारणाचा सिद्धान्त हा स्वातंत्र्यचळवळीच्या आर्थिक विचाराचा पाया ठरला.

त्यांनी सुरू केलेले मोजमापाचे काम पुढील पिढ्यांनी अधिक शास्त्रशुद्ध केले. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९३० च्या दशकात सेवांचा समावेश करून राष्ट्रीय उत्पन्नाचे अंदाज काढले. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये भारत सरकारने नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीत पी. सी. महालनोबीस अध्यक्ष, तर राव आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ सदस्य होते. याच संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावरील आपला प्रसिद्ध अभ्यास प्रकाशित केला. किमान आहाराचे प्रमाण ठरवून त्यास लागणाऱ्या खर्चावरून दारिद्र्यरेषा काढण्याची त्यांची रीत तपशिलाने पुष्कळ पुढे गेलेली असली, तरी तिचा मूळ विचार दादाभाईंच्या १८७६ च्या निबंधातील विचाराशी नाते सांगणारा आहे.

मुंबईच्या फोर्ट भागातील पूर्वीच्या हॉर्नबी रोडला आता दादाभाई नौरोजी मार्ग असे नाव आहे आणि त्याच परिसरात त्यांचा पुतळा आहे. लंडनमध्ये फिन्सबरी भागात त्यांच्या नावाचा रस्ता आहे. भारतीय टपाल खात्याने १९६३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.